एवढंच?

रात्रीचे पावणेदोन वाजलेत आणि घराच्या पुराच्या विम्याचा फॉर्म अजून तसाच उघडा पडलाय. बाकी सगळं भरून झालं, नाव, बांधकाम कोणत्या सालचं, मजले किती, जोतं रस्त्यापासून किती वर (हे मोजायला नवरा टेप घेऊन भर उन्हात उकिडवा बसला होता, शेजारचे आजोबा गॅलरीतून बघत होते, आमची ओळख ही अशी झाली). आणि एका चौकटीपाशी येऊन अडकलेय. घरातील सामानाची किंमत.

परवा मोठ्या हौसेनं एक्सेल केली. खोलीवार. फ्रिज, वॉशिंग मशीन, गाद्या, कपाटं, पंखे, पडदे, भांडी अंदाजे. खाली बेरीज आली आणि मी बघतच राहिले. एवढंच? इतकी वर्षं राबले, चार भाड्याची घरं बदलली, प्रत्येक वेळी टेम्पोवाला म्हणायचा किती हो सामान तुमचं, आणि ते सगळं मिळून हे एवढंच? ताईला फोटो पाठवला तर तिचं उत्तर, बरंय की, प्रीमियम कमी बसेल. तिचं काही चुकलं नाही. पण दिवसभर टोचत राहिलं.

घराचा आकडा काढतानाही आधी तोंडावर आपटले होतेच. मी आपला सरळ खरेदीखतावरचा आकडा टाकला. एजंट हसला नाही, फक्त जरा थांबला आणि म्हणाला, मॅडम, जमीन वाहून जात नाही. म्हणजे आपण जे पैसे मोजले त्यातला मोठा वाटा जागेचा, आणि विमा असतो भिंती, फरशी, छप्पर, वायरिंग परत उभं करायच्या खर्चाचा. बांधकामाचं क्षेत्रफळ गुणिले आजचा बांधायचा दर, वर कंपाउंड, पाण्याची टाकी, मलबा उचलायचा खर्च. बरोबरच आहे. पण ज्या आकड्यापायी रात्र रात्र झोप नव्हती तो आकडा या फॉर्मला लागतच नाही म्हटल्यावर कसंतरीच झालं.

आणि बँक. बँकेनं सुचवलेली रक्कम कशी काढली असेल, तर उरलेलं कर्ज जेवढं तेवढी. आम्ही पदरचं जे ओतलं ते त्यात कुठेच नाही. वर दरवर्षी कर्ज उतरणार तसा तो आकडाही उतरणार आणि बांधकामाचा खर्च मात्र चढणार. म्हणजे पाणी आलंच तर बँक कोरडी आणि आम्ही चिंब. मी हे याला म्हटलं तर तो म्हणाला, अगं त्यांचा धंदाच आहे तो. हो, आहे. मग माझा विचार करणं हा कुणाचा धंदा आहे?

(तळमजला नको असं मी म्हणत होते. जाऊ दे.)

नकाशावर आमचं घर पूररेषेच्या बाहेर आहे. बाहेर म्हणजे किती, तर ती रेषा पेनाच्या जाडीची आणि आम्ही त्या जाडीच्या पलीकडे. शंभर वर्षांचा पूर असा शब्द तिथे वाचला आणि हुश्श केलं, म्हटलं तोवर कोण बघायला बसतंय. मग कळलं की त्याचा अर्थ तसा नाहीच मुळी. दरवर्षी तेवढं पाणी यायची शक्यता एक टक्का, आणि यंदा येऊन गेलं म्हणून पुढच्या वर्षी सुट्टी असं काही नाही, पुन्हा एक टक्का आहेच. ३० वर्षांच्या कर्जाला हे लावून बघितलं तर कधी ना कधी गाठ पडायची शक्यता जवळपास २६ टक्के निघते. चारातल्या एकाला. हप्ते फिटेपर्यंत. शंभरचं सोडा, अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये २०१५, २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ तीन वर्षं ज्याला पाचशे वर्षांचा पूर म्हणतात तसे पूर आले. आईला हे सांगायला गेले तर म्हणाली, घराविषयी वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. त्यामुळे तिच्यापुरता हा विमा म्हणजे चोरीचाच आहे, पुराचा शब्द काढायचा नाही.

तर सामान. एवढंच?

मग वाटलं, एवढंच तर एवढंच, उलट घराचा आकडाही कमी टाकू, प्रीमियम वाचेल, सगळं घर थोडंच वाहून जाणारे. तिथे विमा कंपनीनं पाचर मारून ठेवलीय. समजा घर परत बांधायला १०० लागतात आणि आपण ६० चाच विमा घेतला. नुकसान झालं २० चं. माझ्या हिशेबानं २० मिळायला हवेत, ६० च्या आतच आहेत ना. नाही. १२ मिळतात. जेवढ्यास तेवढं, आपण विमा घेताना हात आखडला तर तेही देताना त्याच मापात आखडणार. सगळ्याच पॉलिसीत हे कलम असतं असं नाही, आमच्या पॉलिसीत आहे. पान अकरा, खालून दुसरा परिच्छेद. शिवाय नुसत्या घराच्या विम्यात पूर धरलेला असतोच असंही नाही, नळ फुटून घर भरलं ते वेगळं आणि बाहेरचं पाणी उंबऱ्यातून आत आलं ते वेगळं, आपल्याला दोन्ही ओलंच दिसत असलं तरी.

मघाशी झोप येत नव्हती म्हणून टॉर्च घेऊन घरभर फिरले. गुडघ्याला हात लावून. इथवर पाणी आलं तर काय काय जाईल? फ्रिजचा कॉम्प्रेसर खाली. वॉशिंग मशीनची मोटर खाली. खालचे सगळे सॉकेट. दरवाजांचे तळ. कपाटं तर प्लायची, दोन दिवस पाण्यात राहिली की फुगून बसणार. पलंग, गाद्या. गुडघ्याच्या वर मोलाचं म्हणावं तर पंखे आणि देव. सगळा संसार मी जमिनीला लावून ठेवलाय हे मला आज कळलं. दुसऱ्या खोलीत टॉर्च मारला नाही. तिथे तसंही सध्या काही नाहीये.

परत येऊन एक्सेल उघडली आणि फ्रिजच्या ओळीवर डोळे थांबले. ही किंमत मी कुठून आणली? तर आत्ता विकला तर किती येतील, ती. सगळ्याच ओळींत तेच. गादी, विकली तर. मिक्सर, विकला तर. अगं बाई, पूर आल्यावर तू काय जुना बाजार मांडणार आहेस का? वाहून गेलेल्या गादीच्या जागी गादीच आणावी लागणार ना, आणि ती नवी. पॉलिसीत दोन्ही पर्याय आहेत, एक घसारा, म्हणजे वापरून कमी झालेली किंमत, वजा करून देतात आणि दुसरा, थोडा प्रीमियम जास्त भरला की, नव्याची किंमत. मी दोन तास बसून फक्त घसारा मोजत होते. फ्रिजचा, गाद्यांचा, आणि खरं सांगायचं तर स्वतःचापण.

सगळ्या ओळी नव्यानं भरल्या. बेरीज दुपटीच्या वर गेली. म्हणजे मी होते त्याच खुर्चीत बसून दुप्पट श्रीमंत झाले आणि प्रीमियमही वाढवून घेतला, दोन्ही अर्ध्या तासात. आईच्या शिलाई मशीनपुढे तेवढं प्रश्नचिन्ह ठेवलंय. घसारा धरला तर शून्य, आणि नवं घ्यायचं तर तसं मिळत नाही. त्याचं काय करायचं ते उद्या. बहुतेक वरच्या फळीवर जाईल.

सुरुवातीचा थोडा खर्च आपला आपण सोसायचा, तो आकडा आम्ही जरा मोठाच ठेवणार, फरशी ओली होण्याइतपत पाण्याला पुसायचं फडकं पुरे. पण मोठ्या पाण्याला पूर्ण. गाडीचा या पॉलिसीशी संबंध नाही, ती तिच्या स्वतःच्या विम्यावर पोहणार. आणि घेतल्या क्षणापासून हे लागू होत नाही, मधे काही दिवस जातात, म्हणजे ढग बघून फॉर्म भरायला बसण्यात अर्थ नाही. सबमिट आजच करायचंय.

करण्याआधी एकदा शीट वरून खाली वाचली. चाळिसावी ओळ माझी नाहीये, यानं केव्हातरी घातलीय. छत्र्या, नग ३, पैकी १ मोडकी.

पुराच्या विम्यात छत्र्या. काढून टाकणार होते. मग तिघींची नव्यानं किंमत लावली, मोडकीचीसुद्धा.