जुन्या गोव्यात वेशी शोधत फिरले

गोव्याला जातेय म्हणलं की सगळे आधी बीचचीच नावं घेतात, कळंगुट, बागा, फार तर पाळोळे. मला मात्र पहिला दिवस जुन्या गोव्यातच घालवायचा होता, आणि तो सुद्धा चर्च बघायला म्हणून नाही, शहर बघायला. कारण इतिहासाच्या तासाला आम्ही शिकलोय की १५१० मध्ये पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने आदिलशाहीकडून जे घेतलं ते मांडवीच्या काठावरचं तट आणि वेशी असलेलं बंदराचं शहर होतं, आणि पुढची शंभरएक वर्षं त्याचं नाव पार युरोपापर्यंत गाजत होतं. आता तिथे जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, तो सांगतो, दोन मोठी चर्च आहेत समोरासमोर, अर्ध्या तासात होतात. मग अख्खं शहर गेलं कुठं?

पणजीच्या कदंब स्टँडवरून बस घेताना रायबंदरवरून जाणारीच घ्या, बायपासची नको. पाटोपासून रायबंदरपर्यंत पाण्यातून काढलेला तो सरळसोट बांध १६३३-३४ मधला आहे, कोंदि द लिन्यारिश नावाच्या व्हाइसरॉयच्या काळातला, तीनेक किलोमीटरचा, एका अंगाला मांडवी आणि दुसऱ्या अंगाला मिठागरं, आणि आजही त्याच्यावरून भरलेल्या बसेस सुसाट जातात. मला खिडकी मिळाली होती, मी नुसती बघत बसले.

गांधी सर्कलला उतरले, समोरच्या गाड्यावर मिक्स भाजी आणि पाव मागवला, शेजारी एक आजोबा मराठी पेपर पसरून चहा पीत बसले होते. त्यांना विचारलं, आजोबा, इथे जुनी तटबंदी कुठल्या बाजूला आहे हो? त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "तटबंदी आतां खंय मेळटली गो बाय, दारां उरल्यांत, तीं पळय (ती बघ)." आणि मग बोटाने हवेत रस्ते काढून कुठलं दार कुठे ते सगळं समजावून सांगितलं, अर्धं कोकणीत अर्धं मराठीत. माझा दिवसाचा प्लॅन तिथेच ठरला.

पहिली नदीकडची वेस, व्हाइसरॉयची कमान. हिला नुसतं कमान म्हणणं मला पटत नाही कारण ती खरोखरची वेस होती, लिस्बनहून आलेला प्रत्येक नवा व्हाइसरॉय बोटीतून उतरून इथूनच शहरात शिरायचा. वास्को द गामा भारतात आला त्याला शंभर वर्षं झाली म्हणून त्याच्याच पणतवाने, फ्रान्सिस्को द गामाने, जो तेव्हा स्वतः व्हाइसरॉय होता, ती बांधून घेतली. नदीच्या बाजूने बघितलं तर वर कोनाड्यात वास्को द गामा उभा आहे. आत शिरून शहराच्या बाजूने मागे वळून बघा, तिथे एक बाई उभी आहे आणि तिच्या पायाखाली एक पगडीवाला माणूस आडवा पडलाय. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. म्हणजे बोटीतून येणाऱ्याला दिसणार गामा, आणि शहरात राहणाऱ्या इथल्या माणसाने रोज नदीवर जाताना बघायचं ते हे. दगडात इतकं स्पष्ट लिहिलेलं मी आधी कधी बघितलं नव्हतं. आत भिंतीवर १६५६ चा एक शिलालेख आहे, पोर्तुगाल स्पेनच्या ताब्यातून सुटला त्याच्या आठवणीचा. १९५३ मध्ये कमान कोसळली होती, पुढच्या वर्षी पुन्हा उभी केली, म्हणजे आज दिसतं ते बरंचसं नव्याने रचलेलं आहे, हे पण लक्षात ठेवून बघावं.

कमानीखालून अजून वाहतूक चालते, एका वेळी एकच गाडी जाईल एवढीच जागा, आणि पलीकडे लगेच दिवाडीची फेरीबोट. लोक पिशव्या घेऊन, स्कूटर घेऊन आरामात चढत होते, पायी जाणाऱ्याला तिकीट पण नाही. समोर दिसणाऱ्या त्या दिवाडी बेटावरच सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ होतं, पोर्तुगीजांनी ते पाडलं, मग देव नदीपलीकडे डिचोली तालुक्यात नार्व्याला गेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. माझी इथली मैत्रीण डिचोलीचीच, तिच्या आईचं म्हणणं की जुनं गोवं बघायचं तर नार्वे पण बघायलाच पाहिजे, नाहीतर अर्धीच गोष्ट कळते. काकू बरोबर बोलतात, पण पहिल्या दिवशी एवढं झेपणार नव्हतं.

कमानीतून आत येणारा रस्ता म्हणजे रुआ दिरेइता, शहराचा मुख्य रस्ता. एकेकाळी इथे दोन्ही बाजूला दुकानं, सराफ, व्यापारी, लिलाव, आणि माणसांचा सुद्धा बाजार, गुलाम विकले जायचे इथे. आता दोन्ही बाजूला झाडं आणि गवत. त्याच रस्त्याने वर आलं की डाव्या हाताला सेंट कॅजेटनचं चर्च, रोमच्या सेंट पीटर्सच्या धर्तीवर बांधलेलं, आणि त्याच्याजवळच दुसरं दार.

हे दार बघायला माझ्याशिवाय कुणीही नव्हतं. आदिलशहाच्या वाड्याचं दार, काळ्या दगडाचं. दोन खांब, वर आडवी शिळा, दोन्ही बाजूला जाळीच्या कोरीव कामाचे थोडे अवशेष, खाली पायऱ्या, बास. वाडा नाहीच. मी पायऱ्या चढून दारातून पलीकडे गेले तर पलीकडे पण लॉनच. खांबावर हात फिरवला, नक्षी आपल्या देवळाच्या खांबासारखी घडवलेली आहे, कडा पावसाने बोथट झाल्यात पण बोटाला रेष अजून नीट लागते. आदिलशहाचा वाडा, पण दगड घडवणारे हात इथलेच असणार हे बघताक्षणी वाटतं. पुढे पोर्तुगीज व्हाइसरॉय पण याच वाड्यात राहायचे, १६९५ पर्यंत, म्हणजे जिंकलेल्याने हरलेल्याचं घर ठेवलं आणि हेच दार वापरलं. मग शहरातल्या रोगराईला कंटाळून व्हाइसरॉय पणजीच्या बाजूला सरकले आणि १८२० मध्ये वाडा पाडला.

मी कोल्हापूरची, त्यामुळे तिथे उभं राहून मला सारखी गंगावेस आठवत होती. आमच्याकडे वेशी गेल्या, नावं राहिली, गंगावेसला वेस नाही पण सकाळ संध्याकाळ दूधकट्ट्यावर म्हशी आणि धारोष्ण दूध प्यायला माणसांची गर्दी आहे, बिंदू चौकात तटाचा तुकडा आहे आणि त्याच्याभोवती अख्खं शहर हॉर्न वाजवत जगतंय. इथे बरोबर उलटं झालंय. वेशी आहेत, आत शहर नाही. मला हे फार लागलं, आणि लोक दोन चर्चच्या मध्ये रील काढून निघून जातात तेव्हा त्यांना कुणीतरी हे सांगायला पाहिजे असं मनापासून वाटलं, कारण ज्या लॉनवर ते बसलेले असतात तिथे घरं होती, गल्ल्या होत्या, विहिरी होत्या. त्या विहिरींनीच घात केला असं म्हणतात. हा सगळा जांभा दगड, पाणी झिरपणारा, सांडपाणी विहिरीत उतरायचं, कॉलरा आणि तापाच्या साथी एकामागून एक यायच्या, लोक मरायचे नाहीतर गाव सोडायचे. १८४३ मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला गेली तोपर्यंत इथे फारसं कोणी उरलंच नव्हतं.

तिसरी वेस तर उभी पण नाही, आणि मला सगळ्यात जास्त तीच आवडली. सेंट कॅथरिनचं छोटंसं चॅपल, सेंट फ्रान्सिसच्या चर्चच्या मागे पश्चिमेला, उताराला आहे. बाहेर पोर्तुगीजमधला शिलालेख लावलाय, त्याचा अर्थ असा की याच जागी ते दार होतं ज्यातून अफोन्सो द अल्बुकर्क आत शिरला आणि त्याने १५१० मध्ये सेंट कॅथरिनच्या दिवशी हे शहर घेतलं, आणि त्याच्या स्मरणार्थ गव्हर्नर जॉर्ज काब्रालने १५५० मध्ये हे चॅपल बांधलं. तो दिवस २५ नोव्हेंबर. म्हणजे तटबंदी कुठे होती याचा लेखी पुरावा भिंतीवरच आहे! मी चॅपलच्या बाजूने थोडं खाली गेले, मागे वळून बघितलं आणि डोक्यात रेघ ओढली, इथून तट गेला असेल, इकडे नदी, तिकडे बाजार, आणि पहिल्यांदाच ते शहर मला नकाशासारखं दिसायला लागलं. सोबत कोणी नव्हतं म्हणून मैत्रिणीला फोन करून सांगितलं, ती प्रॅक्टिकलमध्ये होती तरी बाहेर येऊन तिने ऐकलं.

शेजारीच से कॅथेड्रल, १५६२ ला सुरू झालेलं, १६१९ ला बांधून झालेलं, एकच बुरूज असलेलं कारण दुसरा १७७६ मध्ये पडला. प्रचंड आहे. पण मला त्याच्या समोरच्या मोकळ्या चौकाकडे जास्त बघवत नव्हतं. याच चौकाच्या कडेला इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मावरून लोकांना पकडून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, वाडा होता, १५६० ला ते सुरू झालं आणि मधली थोडी वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. त्या इमारतीचं आता नखभर पण काही शिल्लक नाही. तिथे निदान एक मोठा, ठळक बोर्ड हवा असं मला वाटतं. सेंट फ्रान्सिसच्या मठात पुरातत्त्व खात्याचं म्युझियम आहे, शुक्रवारी बंद असतं, बाकी दिवशी चुकवू नका. वर व्हाइसरॉयांची ओळीने चित्रं आणि खाली कदंब राजांच्या काळातले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड, वीरगळ बघणार असाल तर वेळ काढूनच जा.

दुपारी फिश थाळी खाल्ली, शीत, हुमण, तळलेला बांगडा, किसमूर म्हणजे सुक्या मासळीची कोशिंबीर, सोलकढी. याच्याबद्दल वेगळं लिहीन कधीतरी, किसमूरवरच एक पान होईल.

मग बॉम जेझूस. १६०५ चं चर्च, बाहेरून प्लास्टर नसलेला लालकाळा जांभा, आत सोन्याचा मुलामा दिलेली वेदी, उजव्या हाताला सेंट झेवियरचं थडगं, खालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सहून आलेला आणि वरची चांदीची पेटी गोव्याच्याच कारागिरांनी घडवलेली. भाविकांची रांग होती, गोव्यातल्या लोकांची या गोंयच्या सायबावर केवढी श्रद्धा आहे ते तिथे दिसतं, एक म्हातारी बाई हात जोडून ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होती आणि मागचे सगळे शांतपणे थांबले होते.

मला मात्र तिथे १६८३ आठवत होतं. २४ नोव्हेंबरच्या रात्री संभाजी महाराजांच्या मराठ्यांनी ओहोटी साधून जुवे बेटावरचा किल्ला घेतला, ते बेट इथून अगदी जवळ, मध्ये फक्त पाणी. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर स्वतः फौज घेऊन गेला, मार खाऊन, जखमी होऊन, कसाबसा बोटीतून जीव वाचवून परत आला. दिवस कुठला तर २५ नोव्हेंबर, तोच सेंट कॅथरिनचा दिवस, ज्या दिवशी हे शहर त्यांनी घेतलं होतं. मग तो इथे बॉम जेझूसला आला, झेवियरची शवपेटी उघडायला लावली आणि आपला राजदंड त्याच्या हाती ठेवला, आता तूच शहर सांभाळ म्हणून. पुढे औरंगजेबाचा मुलगा शाह आलम याची मोगल फौज रामघाटाने उतरली आणि संभाजी महाराजांना माघारी फिरावं लागलं. हे मी कितीदा वाचलंय, पण वाचताना जुवे कुठे आणि चर्च कुठे काही कळत नव्हतं. इथे उभं राहिल्यावर कळतं की किती थोडक्यात राहिलं. तट होता, तोफा होत्या, तरी शेवटी राजदंड देवापुढे ठेवायची वेळ आली, यावरून शहरात त्या रात्री काय घबराट असेल याचा अंदाज येतो. आपल्या शाळेतल्या पुस्तकात ही मोहीम दोन ओळीत संपते, ते बदलायला हवं.

संध्याकाळी मोंती सांतो टेकडीवर चढले, सेंट ऑगस्टीनचा मनोरा बघायला. ४६ मीटर उंच, नुसता जांभा, खाचाखाचात नेचे उगवलेले. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने गोव्यातले धार्मिक संघ बंद केले, मठ ओस पडला, १८४२ मध्ये छत आत कोसळलं, आणि त्याची प्रचंड घंटा आज पणजीच्या त्या पांढऱ्या पायऱ्यांच्या चर्चमध्ये वाजते. अवशेषांमध्ये एका बाजूच्या भिंतीवर निळ्यापिवळ्या टाइल्सचा एक तुकडा अजून चिकटून आहे, अगदी जवळ गेलं की ब्रशचा फटकारा पण दिसतो. जमिनीवर सगळीकडे थडग्यांच्या फरशा. इथेच उत्खननात जॉर्जियाच्या राणी केतेवानचे अवशेष सापडले, १६२४ मध्ये इराणमध्ये मारली गेलेली राणी, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने डीएनए तपासला आणि २०२१ मध्ये ते अवशेष भारताने जॉर्जियाला दिले. पुढे टोकाला रोझरीचं चर्च बंद होतं, पण तिथून खाली मांडवी अशी पसरलेली दिसते की अल्बुकर्क इथूनच लढाई बघत होता असं का सांगतात ते लगेच पटतं.

परतीच्या बसमध्ये मैत्रिणीचा फोन आला. तिने तिच्या बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, तटबंदी पूर्ण गेली असं कोण म्हणतं, पोर्तुगीजांनी नंतर तिसवाडी बेटाच्या पूर्वेच्या अंगाने बाहेरचा मोठा तट घातला होता, त्याचे तुकडे आणि एक पडका किल्ला अजून बाणस्तारीच्या बाजूला कुंभारजुवेच्या खाडीकाठी आहेत, झाडीत शिरायला लागेल, बूट घाला आणि काठी घ्या. रविवारी आम्ही तिघं जातोय, बाबा स्वतः येतायत दाखवायला, काकू डबा देणार आहेत, आणि येताना नार्वे.