ब्लॉगवरचा ब्लॉग, नोंद १७ : सहावा भाग अखेर सापडला

मंडळी, सापडलं! तीन आठवडे जे छळत होतं, ते परवा रात्री मावशीच्या फोनवर डोळ्यांसमोर दिसलं. त्यामुळे 'मराठी ब्लॉगला कोणता फॉन्ट' ही कबूल केलेली नोंद पुढे ढकलते आहे. आज फक्त स्लग, म्हणजे लेखाच्या पत्त्यातला शेवटचा, शीर्षकावरून बनणारा तुकडा.

नोंद १५ मध्ये लिहिलं होतं तसं, 'मराठी ब्लॉगिंगविषयी लिहिताना' या मालिकेचे नऊ भाग पूर्ण झाले आणि त्यांचे दुवे महिन्याच्या पत्रातून वाचकांना पाठवले. दोन दिवसांत निरोप यायला लागले. सहावा भाग उघडला तर पहिला येतो. आठवा उघडला तरी पहिलाच. मी माझ्या लॅपटॉपवर दाबून पाहायची, तर सहावा म्हणजे सहावाच. एकाला चुकतं, दुसऱ्याला बरोबर येतं. अशा दोषाइतका वेळ खाणारं दुसरं काही नाही.

पहिला आठवडा कॅशवर, म्हणजे पानांच्या साठवून ठेवलेल्या जुन्या प्रतींवर, गेला. कॅशचं प्लगिन रिकामं केलं, मग बंद केलं, मग काढूनच टाकलं. थीम बदलून मूळच्या साध्या थीमवर गेले. पर्मालिंकच्या, म्हणजे लेखांच्या कायमच्या पत्त्यांच्या, सेटिंगमध्ये काही न बदलता पुन्हा 'सेव्ह' दाबलं. हा उपाय तुमच्यापैकी अनेकांनी सुचवला होता आणि एरवी तो चालतोही. होस्टिंगवाल्यांना, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर साइट आहे त्यांना, लिहिलं. त्यांनी आधी मोठा प्लॅन घ्यायला सांगितलं आणि नंतर 'इंग्रजीत शीर्षक द्या' असं कळवलं. प्लॅन मी घेतला नाही. दुसरं वाक्य मात्र मनात राहिलं, कारण त्यात कारण न सांगता बोट बरोबर जागी ठेवलेलं होतं.

म्हणून दुसऱ्या आठवड्यात डेटाबेस उघडून स्लग एकेक करून वाचले. तिथे पहिला अर्धा उलगडा झाला.

देवनागरीतली प्रत्येक खूण, मग ते अक्षर असो, काना असो की हलन्त, यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत ३ बाइट घेते. पत्त्यात जाताना प्रत्येक बाइट टक्केचिन्ह आणि दोन खुणा असा लिहिला जातो, म्हणजे एका देवनागरी खुणेला ९ जागा लागतात. माझा ब्लॉग ज्यावर चालतो त्या वर्डप्रेसच्या तक्त्यात स्लगसाठी २०० जागांचा रकाना आहे. भागाकार करा: मराठीला मिळतात जेमतेम २२ खुणा. रोमनमध्ये अख्खं वाक्य मावतं तिथे आपली दोन-अडीच शब्दांत सोय लागते.

आता माझं शीर्षक घ्या. 'मराठी' मध्ये ५ खुणा, ४५ जागा. जोडरेघ १. 'ब्लॉगिंगविषयी' मध्ये १३ खुणा, ११७ जागा. पुन्हा जोडरेघ. झाले १६४. उरले ३६, त्यात बसल्या ४ खुणा: ल, वेलांटी, ह, वेलांटी. म्हणजे पहिल्या भागाचा स्लग 'मराठी-ब्लॉगिंगविषयी-लिहि' इथे बरोबर २०० वर संपला. दुसऱ्या भागाच्या शीर्षकाची सुरुवात तीच, म्हणून प्रणालीने मागे '-२' जोडायचं ठरवलं, पण त्याला जागा नव्हती. मग शेवटची वेलांटी काढली आणि स्लग झाला 'मराठी-ब्लॉगिंगविषयी-लिह-२'. तिसरा 'लिह-३'. असे नवव्यापर्यंत. शीर्षकातला जो भाग एका लेखाला दुसऱ्यापासून वेगळं करत होता, तो कुठेच उरला नव्हता.

हा हिशोब कागदावर मांडून २०० चा आकडा बरोबर जुळला, तेव्हा मला फार आनंद झाला. एक वेलांटी कुठे आणि का गेली हे पूर्ण कळणं ही या छंदातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे.

पण यातून दोष सुटला नाही. '-६' वाला पत्ता वेगळाच होता आणि तो सहाव्या भागालाच जायला हवा होता.

मग परवा मावशीकडे मिरजेला गेले. तिने फोन पुढे केला. "अगं, तू सहावा म्हणतेस, आणि इथं परत तेच पहिलं पान!" मी तिच्या चॅटमधला माझाच निरोप वाचला आणि थांबले. दुवा निळा होता, पण सगळा नव्हता. साइटचं नाव निळं, तिरपी रेघ निळी, पुढचं 'मर' निळं. आणि तिथून पुढे काना, 'ठी' आणि बाकी सगळं काळं, साध्या मजकुरासारखं.

दुवा कान्यापाशी तुटत होता.

घरी येऊन पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा उघडली आणि मजकुरात साचे शोधणाऱ्या तिच्या नेहमीच्या 'री' मोड्यूलमध्ये 'शब्दातलं अक्षर' ओळखायचा बॅकस्लॅश-डब्ल्यूचा साचा 'मराठी' या शब्दावर चालवला. उत्तर आलं दोन तुकड्यांत: 'मर' आणि 'ठ'. काना आणि वेलांटी गळाल्या. युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या सामाईक संकेतावलीच्या वर्गवारीत म, र, ठ ही 'अक्षरं' आहेत, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही 'चिन्हं'. ज्या प्रोग्रामने शब्द म्हणजे अक्षरं आणि आकडे एवढंच धरलं, त्याच्या दृष्टीने 'मराठी' हा शब्द 'मर' वर संपतो. सगळी ॲप असं करत नाहीत, म्हणूनच काहींना दुवा नीट जात होता.

मग 'मर' वरून पहिला भाग का उघडायचा? तेही कळलं. नेमका पत्ता सापडला नाही की वर्डप्रेस लगेच ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही', असं दाखवत नाही. दिलेल्या तुकड्याने सुरू होणारा एखादा स्लग शोधून तिकडे पाठवतो. माझे नऊही स्लग 'मर' ने सुरू होणारे, त्यांतला पहिला त्याच्या हाती लागायचा. एरवी ही सोय उत्तम आहे. माझ्या बाबतीत तिने दोष झाकून ठेवला. सरळ ४०४ आलं असतं तर पहिल्याच दिवशी दुव्याकडे लक्ष गेलं असतं.

आणि तुटण्याजोगा दुवा पत्रात आला कसा? तो मीच टाकला. ब्राउझरमधून उचललेला पत्ता टक्केचिन्हांचा, तीन ओळी लांब आणि वाचायला अशक्य. पत्रात मराठी दिसावं म्हणून मी तो परत देवनागरीत करून घेतला होता. टक्केचिन्हांच्या पत्त्यात सगळ्या खुणा रोमन असतात, तो कुठल्याच फोनवर तुटला नसता.

आता ज्या प्रश्नावरून नोंद १६ खाली इतकी चर्चा झाली, त्याबद्दल. 'ब्लॉगिंगवर ब्लॉग ही आधीच खच्चून भरलेली जागा आहे, तिथे आणखी एक कशाला?' इंग्रजीत ही गर्दी जुनी आहे. प्रोब्लॉगर २००४ पासून आहे, कॉपीब्लॉगर २००६ पासून, आणि त्यांच्यानंतर आलेल्यांची मोजदाद करायचं कारण नाही. मराठीतही 'ब्लॉग कसा सुरू करावा' आणि 'ब्लॉगमधून कमाई' यांवर पुष्कळ लिहिलं गेलंय. बहुतेकांत तीच डोमेन, होस्टिंग, थीम, प्लगिन ही वाट आणि स्क्रीनची तीच चित्रं. त्यात भर घालायची माझी इच्छा नाही.

पण या तीन आठवड्यांत मी पर्मालिंकवर मिळेल ते सगळं वाचलं. छोटा ठेवा, मुख्य शब्द घाला, तारीख काढा. हा सल्ला त्यांच्या लिपीसाठी बरोबर आहे. मराठीत लिहिलेल्या मार्गदर्शनातही तोच सल्ला उतरवलेला मिळाला, उदाहरणासकट इंग्रजी शीर्षकाचा. २२ खुणांचा हिशोब मला माझा मांडावा लागला. ज्या प्रश्नाने आपल्यातल्या प्रत्येकाचा कधी ना कधी दुवा तुटलाय, त्यावर मराठीत शोधून हाताला काही लागत नसेल, तर गर्दी आहे ती दाराशी आहे. आतल्या खोल्या मोकळ्या आहेत. मला तिथे काम करायचंय.

गूगलच्या ब्लॉगस्पॉटवर सुरुवात केलेल्यांना हे वेगळ्या रूपात माहीत आहे. देवनागरी शीर्षक दिलं की पत्ता होतो 'ब्लॉग-पोस्ट', मागे एखादा आकडा. कितीतरी सुंदर मराठी लेख वर्षानुवर्षं 'ब्लॉग-पोस्ट' या एकाच नावाने राहिले आहेत. स्वतःचा पत्ता द्यायची सोय आहे, पण ती रोमन अक्षरं, आकडे आणि जोडरेघेसारख्या मोजक्या खुणांपुरती.

तर मी काय केलं. आधी ठरवलं होतं की स्लग रोमनमध्ये मराठी लिहायचे. अर्धा तास 'लिहिताना' वर घालवला: शेवटी एक 'ए' की दोन, मधल्या 'ता' ला किती. नियम ठरवला तरी सहा महिन्यांनी माझाच माझ्या लक्षात राहणार नाही. इंग्रजी भाषांतराचे स्लग मला नकोत. लेख मराठी, मग त्याचं नाव दुसऱ्या भाषेत का? म्हणून आकडे. वर्ष आणि त्या वर्षातला लेखाचा क्रमांक, मधे जोडरेघ. ग्रंथालयातल्या दाखलअंकासारखा. कधी बदलणार नाही, फोनवर सांगता येतो, कुठल्याही ॲपमध्ये तुटत नाही. हाच क्रमांक आता लेखाच्या डोक्यावरही छापते आहे.

प्रकाशित लेखाचा स्लग बदलला की वर्डप्रेस जुना लक्षात ठेवतो आणि तिकडून नव्याकडे पाठवतो, त्यासाठी वेगळं प्लगिन नको. नऊही जुने पत्ते तपासले, नऊही बरोबर जागी गेले. मावशीला नवा दुवा पाठवला. "आला सहावा," एवढाच निरोप आला. तो मी जपून ठेवलाय.

एक छोटं यश मधल्या मधे. थीम बदलताना लक्षात आलं की पानाची भाषा इंग्रजी अशीच नोंदलेली होती. ती 'मराठी' केली आणि त्याच फॉन्टमध्ये ल आणि श यांची रूपं बदलली: पाकळीचा ल, देठाचा श. शासनाच्या २००९ च्या निर्णयात मराठीसाठी सांगितलेली हीच ती रूपं. फॉन्टमध्ये ती आधीपासून होती, पान मराठी आहे हे कोणी सांगितलं नव्हतं म्हणून बाहेर येत नव्हती. 'लेखन' हा शब्द मी पाच मिनिटं नुसता बघत बसले. तुमच्या थीममध्ये आजच पाहा.

पुढच्या कामाचा बेत टॅगचा होता. 'ॲप' हा शब्द माझ्याच टॅगांत तीन तऱ्हांनी आहे: २००८ मध्ये युनिकोडमध्ये आलेला स्वतंत्र ॲ, अ वर चंद्र देऊन केलेला, आणि हिंदी वळणाचा ऍ. दिसायला पहिले दोन सारखेच, संगणकाला तीन वेगळे शब्द. तसंच 'दुसऱ्या' मधला ऱ्य: कोणी ऱ ला हलन्त देऊन टंकतं, कोणी र, हलन्त आणि अदृश्य जोडखूण वापरून. शोधात एक सापडतो, दुसरा हरवतो. यावर मोठी नोंद होईल.

पण हे लिहिता लिहिता एक गोष्ट खटकली. पत्रं तर गेलेली आहेत. तुटलेले दुवे लोकांच्या फोनमध्ये तसेच आहेत, 'मर' पर्यंत निळे. आधी निदान पहिला भाग उघडत होता. आता एकाही लेखाचा स्लग 'मर' ने सुरू होत नाही, म्हणजे त्या वाचकांना ४०४ येणार. आत्ताच करून पाहिलं. येतंय.

आणि उपायही इथेच सुचला. 'मर' याच स्लगचं एक पान करायचं! शब्द म्हणून तो बरा नाही, पण पानाचं शीर्षक 'मालिकेचे सगळे भाग' असेल आणि त्यावर नऊही दुवे. कुठल्याही भागाचा तुटलेला दुवा तिथे येईल आणि वाचक हवा तो भाग उघडेल. बाकी लेखांचंही असंच करता येईल. 'शीर्षक कसं द्यावं' तुटतो 'श' वर, 'टॅग आणि वर्ग' तुटतो 'ट' वर. पहिल्या चिन्हापर्यंतचा तुकडा काढायला पायथनच्या चार ओळी पुरतील.

टॅगची नोंद म्हणून आणखी एक आठवडा मागे. तोवर एक मदत हवी. खालचा तुकडा साइटच्या पत्त्यामागे तिरपी रेघ देऊन जोडा, स्वतःलाच वेगवेगळ्या ॲपमधून पाठवा आणि निळा रंग कोणत्या खुणेवर संपतो ते कळवा, फोनच्या आवृत्तीसह:

मराठी-दुसऱ्या-ॲप-ज्ञान-हृदय-ऱ्हास-बाळ

मावशीच्या फोनवर 'मर'. माझ्या फोनवर एका ॲपमध्ये पूर्ण, दुसऱ्यात 'दुसऱ्या' च्या मधेच. ते का, हे अजून पाहायचंय. अदृश्य जोडखुणेचा संशय आहे. 'मर' चं पान आज रात्री होईल.