मधल्या गावचा पाऊस

‘ज्या गावात पर्जन्यमापकच नाही, तिथला पाऊस नकाशावर कसा दाखवता? मनाचाच आकडा की काय?’ रंकाळ्यावर फिरायला येणारे एक काका पावसाळा लागला की हमखास विचारतात. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

आकडा हिशेबानं काढलेला असतो. मापकं विखुरलेली, कुठे महसूल मंडळाच्या गावात, कुठे धरणावर. पुराच्या गणिताला मात्र गणिताच्या वहीसारखे सारखे चौकोन लागतात, आणि प्रत्येकात एक आकडा.

साधी रीत म्हणजे जवळच्याचं जास्त ऐकायचं. समजा, 10 किलोमीटरवर 180 मिलिमीटर पडला आणि 20 किलोमीटरवर 30. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे अंतर दुप्पट तर पाव, असं वजन दिलं तर जवळच्याला चार, लांबच्याला एक; चौकोनात येतात 150. शेपर्ड यांनी 1968 मध्ये मांडलेली ही पद्धत. हवामान खात्याचा पाव अंशाच्या चौकोनांतला देशभराचा पाऊसही हिच्यावरच बेतलाय. पाव अंश म्हणजे साधारण 27 किलोमीटर. आपल्याकडे तेवढ्यात घाटमाथ्यावरच्या गगनबावड्याला छत्री उलटी होते आणि त्याच्या अलीकडच्या गावांत लोक कपडे वाळत घालतात! सूत्राला अंतर कळतं, घाट कळत नाही.

सुरुवातीला मला नकाशा गुळगुळीत हवा होता, म्हणून त्रिघाती वक्र, म्हणजे मापकांच्या आकड्यांमधून वळत जाणाऱ्या गुळगुळीत रेषा, वापरले. घाटमाथ्यावरून पाऊस इतका झपकन उतरतो, की वक्र त्याच ओघात शून्याच्या खाली गेला. पूर्वेला शिरोळच्या बाजूला पाऊस निघाला उणे 9 मिलिमीटर. काका म्हणाले, ‘म्हंजे जमिनीतनं वर गेला व्हय?’

मग मापकं जोडून त्रिकोण पाडले आणि आतले आकडे सरळ रेषेनं काढले. त्रिकोणातला आकडा कोपऱ्यांच्या बाहेर जातच नाही. नकाशा दिसतो जरा खडबडीत, पण उणे पाऊस पडत नाही. कडेच्या मापकांपलीकडे त्रिकोण नाहीत, तिथे मी पांढरं सोडतो. ‘तेवढं भरून द्या की,’ असं लोक म्हणतात. नाही देत.

तपासायला एकेक मापक झाकतो, बाकीच्यांवरून त्याचा आकडा काढतो आणि खऱ्याशी ताडून बघतो. पूर्वेकडे बरं जमतं. गगनबावडा झाकला की पंचाईत. वजनाची रीत घ्या की त्रिकोणांची, उत्तर उरलेल्यांतल्या सर्वांत मोठ्या आकड्यावर चढूच शकत नाही, आणि तिथला पाऊस तर बहुतेक वेळा सगळ्यांच्या वर. त्यामुळे तिथलं मापक बंद पडलं, की त्या दिवशीचा नकाशा मी कुणाला देत नाही.