ड्राफ्टचा हिशेब, टप्पा चौथा: योकिच हरवला, मग सापडला, आणि खरा घोळ तिथून सुरू झाला

मागच्या टप्प्यात शीटमध्ये ९०० ओळी भरून झाल्या होत्या. एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, तिचे २००५ ते २०१९ असे पंधरा ड्राफ्ट. ड्राफ्ट म्हणजे संघ क्रमाक्रमाने नवे खेळाडू निवडतात ती रात्र, दर वर्षी ६० नावं. आता फक्त बेरीज मारायची आणि खेळाडू हेरण्यात कोणता संघ पटाईत ते बघायचं, एवढंच उरलंय असं वाटत होतं. रविवारी सकाळी चहा घेऊन बसलो, बेरीज मारली, आणि डेन्व्हर भलताच खाली दिसला. वर जाऊन पाहतो तर २०१४चा ४१ क्रमांक, निकोला योकिच: शून्य.

कारण एवढंसं. त्याच्या आडनावातल्या शेवटच्या अक्षरावर सर्बियन लिपीची एक बारीक तिरकी रेघ असते. ड्राफ्टच्या तक्त्यात ती होती, आकडेवारीच्या तक्त्यात नव्हती, त्यामुळे शीटला ही दोन वेगळी माणसं वाटली. लुका डॉन्चिचचंही तेच झालेलं. म्हणजे तीन वेळा एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) झालेला माणूस रेघेपायी गायब. उलटा प्रकार मार्कस विल्यम्सचा: २००६ला एक, २००७ला दुसरा, दोघांचे आकडे एकमेकांत मिसळलेले. तुमच्यापैकी कुणी असं काही करत असाल तर नावावर तक्ते जोडू नका. नावासोबत ड्राफ्टचं वर्ष आणि क्रमांकही घ्या. माझे दोन शनिवार यात गेले.

आता पद्धत, थोडक्यात. पहिल्या क्रमांकावर चांगला खेळाडू मिळाला म्हणून संघाची पाठ थोपटायची नाही. पहिला क्रमांक मिळतो तो भरपूर हरल्यामुळे आणि लॉटरीच्या यंत्रातल्या चेंडूंमुळे. क्लीव्हलंडला २०११, २०१३ आणि २०१४ असा तीनदा मिळाला, आणि २०११चा तर क्लिपर्सकडून आलेल्या पिकवर (म्हणजे निवडीच्या हक्कावर), ज्याची शक्यता २.८ टक्के होती. त्यात कसलं कौशल्य? म्हणून आधी प्रत्येक क्रमांकाचा रास्त भाव काढायचा, म्हणजे त्या क्रमांकाचा खेळाडू साधारण किती देतो, आणि मग प्रत्यक्ष मिळालं त्यातून तो वजा करायचा. उरतं ते संघाचं.

भाव सरळ सरासरीने काढला की फसतो. पंधरा वर्षांत एका क्रमांकावर माणसं पंधराच. २०११ला कवाय लेनर्ड आणि २०१३ला यानिस अँटेटोकुंपो, पुढे बडे तारे झालेले हे दोघेही नेमके १५वे, म्हणून माझ्या आलेखात १५ क्रमांकाचा खांब आजूबाजूच्यांच्या डोक्यावर उभा होता. तसं पाहिलं तर १४वा पिक देऊन १५वा घ्यावा, असा सल्ला माझं शीट देत होतं! आता शेजारच्या क्रमांकांसह सरासरी घेतो आणि त्यावरून उतरती रेषा काढतो. शिवाय ज्या खेळाडूचा हिशेब चाललाय त्याला त्याच्याच भावातून वगळतो. नाहीतर योकिचमुळे ४१चा भाव वाढतो आणि त्याच वाढलेल्या भावाने योकिचला मोजलं जातं.

आधी मोजमापासाठी विन शेअर्स, म्हणजे संघाच्या विजयांतला खेळाडूचा वाटा, घेतले होते, ते सोडले. विन शेअर्स खेळलेल्या मिनिटांबरोबर साठत जातात, आणि मिनिटं कुणाला मिळतात? वरच्या क्रमांकावर घेतलेल्याला. स्टॉ आणि होआंग या दोघांनी १९९५मध्येच दाखवलं होतं की खेळ सारखा असला तरी वर निवडलेल्या खेळाडूला जास्त मिनिटं मिळतात आणि संघ त्याला जास्त काळ धरून ठेवतो. पैसा ओतलाय, आता खेळवा. म्हणजे संघाचा हट्ट माझ्या शीटमध्ये शहाणपण म्हणून जमा होत होता. ४८ मिनिटांमागचे विन शेअर्स घेऊन पाहिले, तर दोन-चार सामन्यांत चमकून गेलेले सगळे वर तरंगायला लागले. शेवटी व्हीओआरपीवर आलो. बाजारात सहज मिळेल अशा साध्या बदली खेळाडूपेक्षा हा किती जास्त देतो, असा तो हिशेब. मिनिटांचा भाग त्यातही आहे, पण वाईट खेळणाऱ्याला जितकं जास्त खेळवाल तितका आकडा शून्याच्या खाली जातो, हे मला पटतं.

यातून एक गंमत निघते. डॅलसने २०१५ला ५२व्या क्रमांकावर घेतलेला आपला सतनाम सिंग एनबीएचा एकही सामना खेळला नाही, म्हणून तो बरोबर शून्यावर. २०१३चा पहिला क्रमांक अँथनी बेनेट १५१ सामने खेळला, आणि तो शून्याच्या खाली. ही शीटची चूक नाही, असं मी बायकोलाही समजावून सांगितलं. तिने सतनामचा फोटो पाहिला, सात फुटांवर उंची ऐकली आणि म्हणाली, घरात ट्यूबलाइट बदलायला तरी उपयोग झाला असता.

किती वर्षं मोजायची, हा यातला अवघड प्रश्न. पहिल्या फेरीच्या खेळाडूचा रूकी करार, म्हणजे त्याचा पहिला करार, चार वर्षांचा असतो, म्हणून मी चार धरली होती. मग बघा: गोल्डन स्टेटचा स्टीफन करी २००९ला आला, पहिला एमव्हीपी त्याच्या सहाव्या सीझनला. यानिस, सहाव्या सीझनला. योकिच, सहाव्या सीझनला. चार वर्षांच्या खिडकीतून यातलं काहीच दिसत नाही. खिडकी सहाची करायचा मोह झाला होता, पण ते म्हणजे उत्तरपत्रिका पाहून प्रश्न काढण्यासारखं. म्हणून आठ घेतली: रूकी कराराची चार आणि त्याच्या पुढच्या कराराची साधारण चार, कारण चार वर्षांनंतरही खेळाडूला बाहेरून आलेल्या बोलीशी बरोबरी करून ठेवून घ्यायचा हक्क बहुतेक वेळा जुन्या संघाकडेच असतो. घोट्याच्या दुखण्यांमुळे करीला २०१२ला चार वर्षांचे अवघे ४.४ कोटी डॉलर मिळाले. तो फायदा ड्राफ्टमुळेच गोल्डन स्टेटच्या पदरात पडला. आठ वर्षांची खिडकी लावली तेव्हा २०१५पर्यंतचेच ड्राफ्ट बसले, ६६० ओळी. २०१६ ते २०१९साठी चारचीच खिडकी, वेगळ्या पानावर. वर्षं पहिल्या सामन्यापासून मोजतो, ड्राफ्टपासून नाही. २०१४ला निवडलेला जोएल एम्बीड दुखापतीमुळे पहिले दोन्ही सीझन पूर्ण बाहेर होता.

आता ज्या कॉलमसाठी हा सगळा लेख लिहायला घेतला तो. त्याला मी ‘स्वतःच टाळला’ म्हणतो.

डेन्व्हरला योकिचचं श्रेय द्यायचं, बरोबर. पण २०१४च्या त्या रात्री डेन्व्हरने आपला ११वा पिक शिकागोला देऊन त्यांचे १६ आणि १९ घेतले होते. १६वर नुर्किच, १९वर गॅरी हॅरिस. ४१वर योकिच. म्हणजे योकिच काय चीज आहे हे डेन्व्हरला खरंच कळलं असतं, तर ४१पर्यंत वाट पाहायची हिंमत कुणी केली असती का? त्यातून नुर्किचही योकिचसारखा सेंटरच, म्हणजे दोघांची जागा एकच. त्या रात्री डेन्व्हरच्या मते नुर्किच जास्त चांगला सेंटर होता. हिंदीत म्हणतात तसं, आंधळ्याच्या हाती बटेर लागली असं मी म्हणणार नाही. ४१वर त्याचं नाव त्यांच्या यादीत होतं, इतरांच्या नव्हतं किंवा आणखी खाली होतं. पण सगळं श्रेय दृष्टीचं धरणंही भाबडेपणाचं.

म्हणून प्रत्येक खेळाडूपुढे लिहायला लागलो, की त्याच रात्री त्या संघाने त्याच्या आधी किती जणांना घेतलं. योकिच: २. मग बाकीचे चमत्कार पाहिले. ड्रेमंड ग्रीन, २०१२, ३५वा: त्याच्या आधी गोल्डन स्टेटने सातवर हॅरिसन बार्न्स आणि ३०वर एझेली घेतला होता, म्हणजे २. मार्क गसोल, २००७, ४८वा: लेकर्सने आधी १९वर क्रिटेंटन, ४०वर सुन युए, म्हणजे २. आयझेया थॉमस, २०११, अगदी शेवटचा ६०वा: सॅक्रामेंटोने आधी दहावर जिमर फ्रेडेट, ३५वर हनीकट, पुन्हा २. चारच्या चार! उलट यानिसपुढे ०, तो मिलवॉकीची त्या रात्रीची पहिली निवड होता. कवायपुढेही ०, आणि त्याच्यासाठी सॅन अँटोनिओने जॉर्ज हिलसारखा हाताशी आलेला, खेळवलेला माणूस इंडियानाला दिला. रोकडा मोजून घेतलेली वस्तू आणि मुठीत सापडलेली नाणी एका रकान्यात टाकणं मला आता जमत नाही.

सध्या करतो ते असं: टाळल्याचा आकडा १ असेल तर रास्त भावावरच्या फायद्याचा अर्धा हिस्सा ‘नजर’ या खात्यात, अर्धा ‘नशीब’ खात्यात. २ असेल तर एक तृतीयांश नजर. हे प्रमाण पूर्णपणे माझ्या मनचं आहे, त्याला आधार नाही. एका बाजूने अन्यायही आहे: ज्यांच्याकडे एकच पिक असतो त्यांना टाळायला संधीच नसते, त्यांचा आकडा आपोआप शून्य.

डेन्व्हरचं प्रकरण एवढ्यावर थांबत नाही. टिम कॉनेलीने जून २०१३मध्ये तिथली सूत्रं घेतली आणि काही दिवसांतच ड्राफ्ट आला. २७वर रुडी गोबेअर. तो युटाला दिला, बदल्यात ४६वा पिक आणि रोख. २०१७ला १३वा पिकही युटालाच दिला, बदल्यात ट्रे लाइल्स आणि २४वा. युटाने १३वर डोनोव्हन मिचेल घेतला. गोबेअर पुढे चार वेळा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू. आणि तोच कॉनेली २०२२ला मिनेसोटात गेल्यावर त्याने पहिलं मोठं काम काय केलं? गोबेअर परत आणला, पाच खेळाडू आणि पहिल्या फेरीचे चार पिक देऊन. वाचलं तेव्हा मी शीट बंद करून फिरायला गेलो.

तर गोबेअर कुणाच्या खात्यात? टीव्हीवर त्याचं नाव डेन्व्हरची निवड म्हणून पुकारलं गेलं होतं. माझा नियम: त्या रात्री बारा वाजेपर्यंत हक्क ज्याच्याकडे गेले, निवड त्याची. म्हणून गोबेअर आणि मिचेल युटाचे, कवाय सॅन अँटोनिओचा, डॉन्चिच डॅलसचा. पण मग देणाऱ्यावर काहीच खर्ची पडत नाही, आणि डेन्व्हर नुसता योकिच घेऊन मिरवतो. त्यासाठी ‘सोडला’ हा आणखी एक कॉलम सुरू केलाय. गसोलसारख्यांसाठी ‘पदरात’ हा वेगळा: लेकर्सने निवडला, पण खेळण्याआधीच फेब्रुवारी २००८मध्ये मेम्फिसला दिला. लेकर्सला त्याची किंमत त्याच्या थोरल्या भावाच्या, पाऊच्या रूपाने मिळाली. ती व्हीओआरपीमध्ये कशी मांडायची, ते डोक्याला शॉट आहे.

सॅक्रामेंटोबद्दल विचाराल म्हणून. वरळीच्या डोममध्ये ऑक्टोबर २०१९ला ते इंडियानाशी खेळून गेले तेव्हापासून, आणि मालक रणदिवे जन्माने मुंबईकर म्हणून, आपल्यातल्या बऱ्याच जणांचा तो घरचा संघ. दुःखद बातमी: २०१८ला दुसऱ्या क्रमांकावर बॅगली घेतला आणि डॉन्चिच तिसरा गेला, ही ओळ कुठल्याही वजनाने हलकी होत नाही. २०११च्या रात्री दहावर फ्रेडेट आणि लगेच अकरावर क्ले थॉम्पसन, ते तर रणदिवे येण्याच्या आधीचं. पण २०२०चा हॅलिबर्टन, बारावा, माझ्या शीटच्या बाहेर राहिलाय, आणि तो सबोनिसच्या बदल्यात नेमका इंडियानालाच गेला. त्यामुळे संघांची १ ते ३० यादी आज देत नाही. ज्या खिडकीतून बघावं तशी ती बदलते, आणि मला वाटतं संघाऐवजी माणसानुसार, म्हणजे निर्णय घेणाऱ्या जनरल मॅनेजरनुसार यादी लावायला हवी. कॉनेलीच्या दोन संघांच्या ओळी एकत्र करायला घेतल्यात.

पुढच्या टप्प्यात रोखीने विकलेले पिक. २०१७ला शिकागोने ३८वा पिक गोल्डन स्टेटला ३५ लाख डॉलरला विकला आणि त्यावर जॉर्डन बेल आला. सध्या शिकागोच्या रकान्यात त्या ओळीपुढे नुसता ‘३५ लाख’ आकडा पडून आहे, आणि बेरीज मारली की शीट त्यांना आजवरचा सर्वोत्तम ड्राफ्ट करणारा संघ ठरवतं.