मॅकिनॉ बेट: घोडागाडीच्या वेळेने काढलेले दोन दिवस

मिशिगन राज्यात मुलाकडे आलो की उत्तरेकडचे मॅकिनॉ बेट पाहायचे, असे तीन वर्षे ठरत होते आणि दर वेळी राहून जात होते. यंदा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तो योग जुळून आला. मुलगा, सून, आठ वर्षांची नात आणि आम्ही दोघे असे पाच जण डेट्रॉइटजवळून भल्या सकाळी निघालो आणि दुपारी मॅकिनॉ सिटीच्या धक्क्यावर पोहोचलो. बेटाच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग ‘सी’ या अक्षराने संपते, मात्र त्याचा ‘क’ उच्चारायचा नसतो. आम्ही तो उच्चारला आणि तिकीट देणाऱ्या मुलीने हसून दुरुस्ती केली.

माथेरानला जसे दस्तुरी नाक्यावर गाडी सोडून पुढे जावे लागते, तसेच येथे मोटार मुख्य भूमीवरच ठेवून बोटीने जावे लागते. फरक इतकाच, की येथील मोटारबंदी १८९८ सालची आहे. इंजिनाच्या आवाजाने घोडे बुजतात, ही गाडीवानांची तक्रार मान्य करून गावाने त्या वर्षी मोटारींना मनाई केली आणि १९०१ मध्ये ती बेटावरील उद्यानाच्या हद्दीतही लागू झाली. रुग्णवाहिका, अग्निशामक गाडी यांसारखे मोजके अपवाद आणि हिवाळ्यातील बर्फावरच्या गाड्या सोडल्या, तर आजही तेथे सायकल, घोडा आणि स्वतःचे पाय एवढीच साधने आहेत. बेटाला वळसा घालणारा आठ मैलांहून थोडा अधिक लांबीचा रस्ता कागदोपत्री राज्य महामार्ग आहे, आणि हे अपवाद वगळता त्यावर एकही मोटार धावत नाही.

हे सुरुवातीलाच विस्ताराने सांगण्याचे कारण असे, की तेथे जाण्यापूर्वी घोडागाडी म्हणजे चौपाटीवरच्या फेरीसारखी हौसेची गोष्ट असेल, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात हॉटेलातील धुतलेल्या चादरी, दुकानांचा माल, कुरिअरची खोकी आणि गावाचा कचरा, सारे काही घोडेच ओढतात. उन्हाळ्यात बेटावर पाचशे ते सहाशे घोडे असतात, म्हणजे कायमच्या रहिवाशांच्या संख्येइतकेच जवळपास. त्यामुळे गाडीत बसायचे की नाही हा प्रश्न उरत नाही. कोणत्या कामासाठी कोणती गाडी आणि त्यासाठी किती वेळ हाताशी ठेवायचा, एवढेच ठरवायचे असते. ते आम्हाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, जरा उशिराच, कळले.

मुक्काम ग्रँड हॉटेलात होता. आगगाडी आणि आगबोट चालवणाऱ्या कंपन्यांनी मिळून बांधलेले हे पांढरेशुभ्र लाकडी हॉटेल १० जुलै १८८७ रोजी सुरू झाले. ह्युरॉन सरोवराच्या काठावरील टेकडीवर ते उभे आहे आणि त्याचा समोरचा व्हरांडा ६६० फूट लांब आहे. सरोवर म्हटले तरी पलीकडचा काठ दिसत नाही अशा बाजू त्याला आहेत, वाऱ्याच्या दिवशी लाटाही चांगल्या उसळतात. खारा वास तेवढा येत नाही. मुख्य भूमीच्या दोन भागांना जोडणारा १९५७ सालचा झुलता पूल व्हरांड्यातून स्वच्छ दिसतो.

बोटीचा प्रवास वीस मिनिटांच्या आतबाहेर होतो. सामान बोटीवर चढवण्यापूर्वीच त्याला हॉटेलच्या नावाची चिठ्ठी लावून घ्यावी. मग ते आपल्या हाती थेट खोलीतच येते. औषधे, चष्मा, स्वेटर आणि छत्री मात्र खांद्यावरच्या पिशवीत ठेवावी. आमची रक्तदाबाची गोळी मोठ्या बॅगेत गेली आणि बॅग आमच्यानंतर दीड तासाने आली. येथे सामान घोड्याच्या मालगाडीतून किंवा सायकलच्या पुढच्या भल्यामोठ्या टोपलीतून येते. ते लवकर का येत नाही म्हणून काउंटरवर विचारणा करण्यात अर्थ नसतो.

धक्क्याबाहेर हॉटेलची गाडी उभी होती. लाल कोट आणि उंच काळी टोपी घातलेला गाडीवान, मागे समोरासमोर बाके असलेली बंद गाडी आणि पुढे दोन घोडे. गाडीचे पायदान जमिनीपासून बरेच उंच असते. हिची साडी पायात येत होती आणि माझा उजवा गुडघा तेवढा वाकत नव्हता, तेव्हा गाडीवानाच्या मदतनिसाने खाली ठेवायला लाकडी ठोकळा आणून दिला. तो आपणहून पुढे केला जात नाही, मागावा लागतो, हे ज्येष्ठांनी लक्षात ठेवावे. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांनी तशी सोय असलेली गाडी खोली राखून ठेवतानाच मागून घ्यावी, आणि धक्का ते हॉटेल हे गाडीभाडे खोलीच्या दरात धरले आहे की वेगळे द्यायचे, हेही तेव्हाच विचारून घ्यावे.

खरे तर हे अंतर चालत पंधरा-वीस मिनिटांचेच आहे. मात्र शेवटी चढ लागतो, आणि त्या चढावरच पहिल्यांदा घोड्यांचे कष्ट दिसले. सपाटीवर टापांचा आवाज एका लयीत येत होता; चढ सुरू होताच दोघांच्या माना खाली गेल्या, गळ्याभोवतीच्या जाड गादीच्या पट्ट्यावर खांद्यांचा सगळा भार पडला आणि टापा सुट्या सुट्या, जड पडू लागल्या. गाडीवानाने चाबूक हातात घेतलाही नाही, नुसते नावाने बोलत राहिला. गाडीतल्या गप्पा आपोआप थांबल्या. उतरताना याच्या उलट होते: गाडीवान पायाने ब्रेक दाबून धरतो आणि घोडे मागच्या पट्ट्यावर रेलून गाडीला थोपवतात. उतारावर आपण पुढे झुकून छायाचित्रे काढू लागलो, तर गाडीवान मागे बसायला सांगतो. त्यात उद्धटपणा काही नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांसाठी असलेली बेटाची फेरी केली. तिला पावणेदोन तास लागतात. गावातील मुख्य रस्त्यावरून दोन घोड्यांची गाडी निघते, हॉटेलाच्या बाजूने टेकडीवर सरी हिल या ठिकाणी सोडते, आणि तेथून पुढे जंगलातील रस्त्याने जाण्यासाठी तीन घोडे शेजारी शेजारी जोडलेली मोठी गाडी मिळते. गाडी बदलताना जागाही बदलतात, त्यामुळे पहिल्या गाडीत मागची बाके मिळाली म्हणून हिरमुसू नये. पुढच्या बाकावर घोडे जवळून दिसतात आणि गाडीवानाचे बोलणे ऐकू येते. वासही पहिल्यांदा तेथेच येतो. ज्यांना घोड्यांच्या केसांचा किंवा गवताच्या धुळीचा त्रास होतो त्यांनी मागे, कडेला बसावे आणि औषध घेऊनच निघावे.

ही मोठी गाडी पाण्यापासून १४६ फूट उंचीवर असलेल्या आर्च रॉक या चुनखडीच्या नैसर्गिक कमानीपाशी थांबते. कमानीतून खाली पाहिले की काठालगतचे पाणी हिरवट आणि इतके नितळ दिसते, की तळाचे दगड मोजता यावेत. तेथून पुढे ब्रिटिशांनी १७८० च्या सुमारास बांधायला घेतलेला किल्ला येतो. तेथे उतरून किल्ला पाहावा आणि गावात पायी उतरावे, असे मी सुचवीन. उतार सोपा आहे आणि त्याच गाडीत बसून राहिल्याने नवे फारसे काही दिसत नाही.

सरी हिलला गाडीची वाट पाहताना नात एकदम रडवेली झाली. उभ्या घोड्यांपैकी मधल्याने मागचा एक पाय अर्धवट उचलून खुराचे फक्त टोक जमिनीला टेकवले होते. ‘‘आजोबा, त्याचा पाय दुखतोय!’’ मी गाडीवान बाईंना विचारले. त्यांनी तिला जवळ बोलावले आणि थोडे थांबायला सांगितले. दोनेक मिनिटांत घोड्याने तो पाय खाली ठेवला, अंगाचा भार सावकाश त्यावर घेतला आणि दुसरा पाय तसाच सैल सोडला. घोडा उभ्या उभ्या विश्रांती घेतो ती अशी, एकेका मागच्या पायाला आळीपाळीने. पुढचा पाय असा वारंवार उचलून धरला तर मात्र काळजी करावी, असेही त्यांनी सांगितले. नंतर दिवसभर नात दिसेल त्या घोड्याचे पाय तपासत होती. घोड्यांना बिस्किटे किंवा सफरचंद देण्याचा तिचा बेत मात्र तेथेच मोडला. कामावरच्या घोड्याला विचारल्याशिवाय हात लावू नये आणि खाऊ तर मुळीच देऊ नये, हे मुलांना बोटीवरच समजावून आणावे.

पैसे खर्च करायचेच असतील, तर ते संध्याकाळच्या खासगी गाडीवर करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पाच जणांत भाडे विभागले की ते तितकेसे डोईजड वाटत नाही, मार्ग आपल्याला निवडता येतो, आणि जूनमध्ये तेथे सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळत असल्याने जेवणानंतरही भरपूर उजेड असतो. दिवसभराचे बहुतेक पाहुणे बोटीने परतलेले असतात आणि रस्ते मोकळे होतात. काठावरच्या जुन्या लाकडी घरांसमोरून जाताना लायलॅकच्या फुलांचा वास येत होता. बहर ओसरत आला होता, तरी पुरेसा होता. अंगावर शाल हवीच. फेरी संपल्यावर गाडीवानाला बक्षिसी देण्याची रीत आहे, तेव्हा डॉलरच्या सुट्या नोटा जवळ ठेवाव्यात.

स्वतः हाकायच्या छोट्या गाड्याही भाड्याने मिळतात. मला मोह झाला होता. ‘‘अहो, सायकल चालवताना वळणावर हात दाखवत नाही तुम्ही, आणि लगाम धरणार?’’ या एका वाक्यावर तो विषय संपला. मुलगा आणि सून तासभर जाऊन आले. घोडा बहुतेक रस्ता स्वतःच्याच मताने चालला आणि तबेल्याची दिशा आली तेव्हा त्याचा वेग स्पष्टपणे वाढला, असे मुलाने सांगितले.

हॉटेलात संध्याकाळी साडेसहानंतर पोशाखाचा दंडक आहे: पुरुषांना कोट आणि टाय. साडी कोठेही चालते, तिचे कौतुकही होते. फक्त रेशमी साडी नेसून गाडीत चढण्यापूर्वी पायदान पाहून घ्यावे, कारण त्यावर चिखल आणि आणखीही काही लागलेले असू शकते. रस्ते झाडणारी माणसे सतत फिरत असतात, तरी पावलांकडे लक्ष हवेच. चपलांऐवजी बंद बूट बरे. हॉटेलात न राहणाऱ्यांना व्हरांडा पाहण्यासाठी प्रवेशशुल्क भरावे लागते.

आता आमची चूक सांगतो. परतीच्या दिवशी संध्याकाळी पाचची बोट गाठायची होती. सामान दुपारीच पुढे गेले होते. आम्ही चहाला म्हणून गावाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या एका उपाहारगृहात गेलो आणि साडेचारला भाड्याची घोडागाडी फोन करून मागवली. मोटारीच्या टॅक्सीप्रमाणे ती पाच मिनिटांत येईल, अशी आमची कल्पना. गाडी आली पाचला दहा मिनिटे कमी असताना. वाटेत तिने आणखी दोन ठिकाणी माणसे घेतली आणि एका वळणावर मालाची गाडी वळेपर्यंत थांबली. येथील टॅक्सी सामायिक असते, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते. मी दोनदा घड्याळ पाहिले. गाडीवान शांतपणे म्हणाला, की घोडे सकाळपासून कामावर आहेत आणि या कडक रस्त्यावर तो त्यांना पळवणार नाही. त्याचे बरोबर होते. बोट आमच्या डोळ्यांदेखत सुटली.

तेव्हा बोटीच्या वेळेआधी निदान दीड तास गाडी सांगून ठेवावी, शक्यतो आदल्या रात्री हॉटेलच्या काउंटरवरूनच. आणि गाव सपाट असल्यामुळे पाय धड असतील तर धक्क्यापर्यंत सरळ चालत जावे. पाऊस असेल तर वेळ आणखी वाढवावा, कारण गाड्यांचे जाड पारदर्शक पडदे खाली सोडून बांधण्यातच दहा मिनिटे जातात आणि चालणारे सगळेच त्या दिवशी गाडी मागतात. मे आणि ऑक्टोबरमध्ये गर्दी कमी असते, गाड्याही लवकर मिळतात. मात्र ऑक्टोबर संपता संपता हॉटेल बंद होते आणि बहुतेक घोडे बोटीने मुख्य भूमीवर हिवाळा काढायला जातात.

पुढच्या बोटीला अवकाश होता, म्हणून धक्क्यावरच्या बाकावर बसून राहिलो. आमची टॅक्सी समोरच उभी होती आणि गाडीवान घोड्यांना बादलीने पाणी दाखवत होता. नातीने डावीकडच्या घोड्याकडे बोट केले. त्याने मागचा उजवा पाय सैल सोडला होता.