खालच्या दाढेचा ब्रिज

खालच्या डाव्या बाजूची दाढ काढून अडीच वर्षे झाली होती आणि तेवढा काळ मी सगळे जेवण उजव्या बाजूनेच चावत होतो. आज दुपारी अखेर तिथे ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसणारा कृत्रिम दात, बसवून घेतला. रिकाम्या जागेकडे मागची दाढ कलू लागते आणि खाली टेकायला काहीच न उरल्यामुळे वरची दाढ हळूहळू खाली उतरते, हे डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून समजावले, तेव्हा माझ्या दिरंगाईला काही उत्तर नव्हते.

इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, करायचे धाडस झाले नाही. ब्रिजसाठी मात्र शेजारचे दोन धडधाकट दात घासून बारीक करावे लागतात, याचे मला वाईट वाटले आणि अजूनही वाटते. ते काम १० दिवसांपूर्वी भूल देऊन झाले, माप घेतले गेले आणि रंगांची पट्टी ओठांशी धरून ए३ ही छटा ठरली (पांढरीशुभ्र नव्हे, चहाबाज माणसाला शोभेल अशी).

आज ३ दातांचा तो झिर्कोनियाचा (दातासारख्या रंगाच्या टणक सिरॅमिकचा) जोड बसवताना निळा कागद चावायचा, ठसा गडद उमटेल तिथे डॉक्टरांनी किंचित घासायचे, असे चार-पाच वेळा झाले. मधला दात हिरडीवर नुसता टेकलेला असल्याने त्याच्याखालून रोज सुपरफ्लॉस, म्हणजे दात साफ करायचा खास दोरा, ओढायचा आहे. आरशासमोर पहिल्याच प्रयत्नाला ७ मिनिटे लागली. रात्री भाकरीचा पापुद्रा डाव्या बाजूने चावून पाहिला. जीभ अजून तिथे खड्डा शोधते आहे.