तुम्ही विचारलंत म्हणून: एस्माँड गेलाच कशाला?

विमानांवर बोलायला कुठेही गेलो की शेवटी कुणीतरी हमखास विचारतं, दुसऱ्या महायुद्धात जर्मन जहाजांवर गेलेली ब्रिटिश नौदलाची सहाच्या सहा स्वोर्डफिश विमानं पडली, एकही टॉर्पेडो लागला नाही, मग त्यांचा प्रमुख एस्माँड गेलाच कशाला, निव्वळ वेडेपणा नव्हता का हा? उत्तर देऊन देऊन थकलोय, म्हणून आता लिहूनच टाकतो.

वेडेपणा होता, पण कुणाचा ते तरी बघा. 12 फेब्रुवारी 1942 ला शार्नहॉर्स्ट, ग्नायझेनाउ आणि प्रिन्झ ऑयगेन या जर्मन युद्धनौका भर दिवसा इंग्लिश खाडीतून चालल्यात हे ब्रिटिशांना कळेपर्यंत दुपार होत आलेली, मॅन्स्टनच्या विमानतळावर एस्माँडला संरक्षणासाठी फायटरच्या पाच स्क्वॉड्रन (स्क्वॉड्रन म्हणजे डझनभर विमानांची तुकडी) देतो म्हणून कबूल केलं आणि वेळेवर आली फक्त दहा स्पिटफायर. आणखी थांबला असता तर जहाजं हातची गेली असती. हा माणूस आदल्या वर्षी बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेवर चालून गेला होता, कापडाने मढवलेलं ते दुपंखी विमान पोटाखाली टॉर्पेडो घेऊन किती हळू जातं हे त्याला आपण सांगायचं?

पूर्वी मी इथेच थांबायचो. हल्ली थांबवत नाही, कारण क्लिंटन आठवतो.

क्लिंटन म्हणजे एस्माँडच्या विमानातला गनर, सगळ्यात मागे बसलेला, तोंड शेपटीकडे, हातात एक मशीनगन. निघायचं की नाही हे त्याला कुणी विचारलेलं नाही, जहाज त्याच्या पाठीमागे, त्याला दिसतायत ती फक्त अंगावर येणारी जर्मन फायटर. गोळ्यांनी विमानाच्या कापडाला आग लागली. तेव्हा हा कॉकपिटमधून बाहेर आला, उघड्या विमानाच्या पाठीवर घोड्यावर बसतात तसा बसला, खाली फेब्रुवारीचा समुद्र, समोर तो वारा, आणि त्याने नुसत्या हातांनी ती आग विझवली आणि परत आपल्या जागेवर जाऊन बसला. पाहणाऱ्यांनी सांगितलंय हे. थोड्याच वेळात विमान पडलं, तिघंही गेले.

सहा विमानांतल्या अठरापैकी तेरा मेले, मागच्या तीन विमानांतलं तर कुणीच वाचलं नाही. एस्माँडला व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं, वाचलेल्या चार अधिकाऱ्यांना डीएसओ हा लष्करी सन्मान, वाचलेला एकमेव गनर बन्स, त्यालाही शौर्यपदक. क्लिंटनचं नाव फक्त डिस्पॅचेसमध्ये, म्हणजे अधिकृत लष्करी अहवालात, आलं. लगेच सांगू नका, तेव्हा मरणोत्तर एक तर व्हिक्टोरिया क्रॉस नाहीतर डिस्पॅचेसमध्ये उल्लेख, तिसरं काही देताच यायचं नाही, माहितेय मला तो नियम. मग व्हिक्टोरिया क्रॉस होताच की!

त्याच दिवशी शार्नहॉर्स्ट आणि ग्नायझेनाउ ही दोन्ही जहाजं समुद्रात पेरलेल्या सुरुंगांवर आदळली, तेही लोक मला ऐकवतात, म्हणजे बघा, ही पोरं फुकट गेली. असेल. एस्माँडची बाजू मी अजूनही घेतो, तावातावाने घेतो, पण मागच्या सीटवरच्या माणसाच्या वतीने तेच बोलायला जीभ रेटत नाही, आणि पाच स्क्वॉड्रन कबूल करून दहा विमानं पाठवणाऱ्यांना हा प्रश्न कुणी विचारत का नाही, हे मला आजही कळलेलं नाही.